दोन नावांची खुर्ची

१

आमच्या सुतारखान्याचा दिवस सातला सुरू व्हायचा. मी शेगडी पेटवून लाकूड जोडायचा सरस तापायला ठेवायचो, बाबा खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसायचे, नऊला कॉफी व्हायची. बाराची चर्चची घंटा झाली की हात झटकून सगळे अंगणापलीकडे घरात जेवायला जायचो. काळा पाव, त्यावर कलेजीचं वाटण नाहीतर खारवलेला हेरिंग मासा, आणि पाऊण तासाने परत. फोबोर्गसारख्या लहानशा डॅनिश गावात दिवसाउजेडी दाराला कुलूप लावायची कुणाला गरज वाटत नसे. तेवढा पाऊण तास सुतारखाना उघडा आणि रिकामा असायचा.

मी एय्लर, थोरला. शाळा सुटली त्याच वर्षी बाबांनी माझ्या हातात रंधा दिला, तो एकोणीसशे चोपन्न साली, माझ्या एक्केचाळिसाव्या वर्षीही हातातच होता. आस्गर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो कोपनहेगनला जाऊन खुर्च्यांची रेखाटनं करायला शिकला आणि विबेके नावाच्या शिक्षिकेशी लग्न करून परत आला. तेव्हापासून आस्गरने कागदावर काढायचं आणि मी लाकडात करायचं, अशी वाटणी झाली. कुणी केली ते मला कधी कळलं नाही.

राजधानीत दर शरदात भरणाऱ्या फर्निचरच्या प्रदर्शनात आमची पहिली खुर्ची गेली, तेव्हा पेपरात फोटो आला. खुर्चीत आस्गर बसलेला, खाली त्याचं नाव. खुर्ची धरून मी शेजारी उभा होतो. छापताना त्यांनी कडेने कापलं, त्यामुळे माझं फक्त कोपर आलं. बाबांनी तो पेपर सरसाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मला दिवसातून चारदा सरस लागायचा.

आस्गर वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो प्रेमळ होता. ‘एय्लर, तुझ्या हातांशिवाय माझं चित्र म्हणजे नुसता कागद,’ असं सगळ्यांदेखत म्हणायचा. लोक त्याचा मोठेपणा बघून खूश व्हायचे. मी त्या मोठेपणाखाली उभा असायचो.

२

त्या वर्षी प्रदर्शनासाठी दोन्ही बाजूंना हात असलेली एक नवी खुर्ची करायची होती. आस्गर खऱ्या मापाचं चित्र मोठ्या खाकी कागदावर काढायचा आणि माझ्या बाकासमोरच्या भिंतीला टाचायचा. त्याची रेघ जाड आणि काळी. मऊ पेन्सिलीशिवाय त्याचं चालायचं नाही.

ऑगस्टच्या एका दुपारी जेवून परत आलो तर मागच्या पायाच्या वळणाला लागून दुसरी एक रेघ होती. फिकी, केसासारखी बारीक. पाय खालून दोन मिलिमीटर आत घेतला होता, इतकंच. पण त्या दोन मिलिमीटरांनी अख्खी खुर्ची जागी झाल्यासारखी वाटत होती. आधीची रेघ शेजारी अगदीच ढोबळ दिसायला लागली.

आस्गर कागदासमोर तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

‘एय्लर, हे तू केलंस?’

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात बाबा उठून आले. त्यांना दिसायचं कमी. नाक कागदाला लागेपर्यंत ते वाकले, अंगठा त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, आणि मग वळून माझ्याकडे बघितलं.

‘हे आस्गरपेक्षा बरं आहे,’ ते म्हणाले.

विसाव्या वर्षी मी स्वतःच्या मनाने एक खुर्ची केली होती. तीत बसून बाबा म्हणाले होते, ‘बसायला ठीक आहे.’ त्यानंतर एकवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते आत्ता, ऐन दुपारी, पायाशी ढलप्या पडलेल्या असताना आलं. मी रंध्याची पाती काढून पुसायला लागलो.

‘लाजतोय बघा!’ आस्गर हसला आणि त्याने मला मिठी मारली.

३

त्यानंतर ते रोजचंच झालं. सकाळी चित्रात नवं काही नसायचं, जेवून आलं की एक फिकी रेघ असायची. कधी पाठीची उतरण बदललेली, कधी हाताचं टोक. प्रत्येक रेघ बरोबर असायची. मला सुतारकीतलं कळतं. बरोबर रेघ बघितली की हात आपोआप करवतीकडे जातो.

हे कोण करतंय, याचा विचार मी केला नाही असं नाही. बाबांचे हात कापायचे, चमच्यातलं सूप सांडायचं. डॅग्नी आत्या म्हणजे बाबांची विधवा बहीण, आमच्या खुर्च्यांच्या बैठका विणायची. तिने जन्मात पेन्सिल धरली नव्हती. मी स्वतःच भानावर नसताना करतोय की काय, अशीही एक शंका आली. पण बारा ते पाऊण मी सगळ्यांसमोर बसून पाव खात असायचो.

मग एके दिवशी सगळ्यात वाईट शंका आली. हे आस्गरच करत असेल! आपल्या भावाला मोठं करायला, डाव्या हाताने, दुसऱ्या पेन्सिलीने. मला दान टाकत असेल. ती शंका आली त्या दिवशी मी जेवायला मुद्दाम त्याच्यासमोर बसलो. समोर आस्गर विबेकेच्या शाळेतली कसलीशी गंमत सांगत होता. मी त्याचे हात बघत बसलो. तो एकदाही टेबलावरून उठला नाही. त्याच्या आधी मी अंगण ओलांडलं, दार ढकललं.

कागदावर नवी रेघ होती.

मला हायसं वाटलं. भीती वाटायला हवी होती हे आता कळतं. पण तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की हे आस्गरचं नाही.

४

अडचण एकच होती. आस्गर प्रश्न विचारायचा.

‘हात इतका लांब का घेतलास? कोपर टेकल्यावर पुढे वीतभर उरतोय.’

‘झाल्यावर बसून बघ,’ मी म्हणायचो.

‘आणि बैठक इतकी खोल? पाठ टेकायची म्हणजे पाय अधांतरी राहतील.’

‘तू चित्रातलं बघतोस. मी लाकडातलं बघतो.’

हे त्याला पटायचं. माझ्या तोंडचा असला टोला ऐकून तो चक्क वहीत लिहून घ्यायचा. एका सकाळी तो म्हणाला, ‘एय्लर, मी प्रदर्शनवाल्यांना पत्र टाकलंय. या वेळी खाली दोन नावं येतील. तुझं आधी.’

मी ओकचं लाकूड निवडलं, फळ्या पाडल्या, पाय तासले. वीस दिवस मी त्या फिक्या रेघेच्या मागे मागे गेलो. काळी रेघ कुठे होती ते मी बघतसुद्धा नव्हतो. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

सांगाडा उभा राहिल्यावर डॅग्नी आत्या पीळ दिलेल्या कागदी दोरीची रिळं घेऊन विणायला बसली. अर्ध्यावर थांबून तिने सांगाड्याला वळसा घातला.

‘कुणाच्या बुडाचं माप घेतलंस रे हे? माझा नवरा दर्यावर्दी, बैलासारखा. तोही यात हरवला असता.’

‘आत्या, तू विण.’

‘विणतेय की. पण पाठ बघ, किती अरुंद! खाली अवाढव्य, वर काडी. असा माणूस मी तरी बंदरावर बघितला नाही.’ मग पुटपुटली, ‘दिसतं मात्र देखणं मेलं.’

देखणं होतंच. दारातून आत येणारा माणूस बोलायचा थांबायचा. आस्गर तर तिच्यासमोर पेटीवर बसून राहायचा. ‘मी याआधी खुर्ची बघितलीच नव्हती असं वाटतं,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरासाही मत्सर नव्हता. मला त्याचाही राग आला. निदान एवढं तरी त्याने माझ्याकडून घ्यायला हवं होतं.

विणून झालं त्या सकाळी पहिल्यांदा बसायचा मान बाबांना दिला. ते बसले, घसरत पार मागे गेले. पाय जमिनीवरून उचलले गेले तसे लहान पोरासारखे हसले. आम्हीही हसलो. मग त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. घाईघाईने पुढे सरकून ते खाली उतरले आणि खुर्चीकडे वळून, टोपीला हात लावत म्हणाले, ‘माफ करा हं.’

‘कुणाला म्हणालात, बाबा?’ आस्गरने विचारलं.

‘काय म्हणालो?’ बाबांना खरंच आठवत नव्हतं. आगगाडीत चुकून दुसऱ्याच्या जागी बसल्यावर माणूस जसं म्हणेल, तसं ते म्हणाले होते.

५

गुरुवारी खुर्ची न्यायला ट्रक येणार होता. मंगळवारी जेवताना मला चैन पडेना. भिंतीवरचं चित्र मी सकाळीच गुंडाळून ठेवलं होतं. खुर्ची पुरी झाली होती, आता सुधारायला काही उरलं नव्हतं. मग आज दुपारी तिथे काय होत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. पाव तसाच ठेवून मी उठलो.

अंगणात लख्ख ऊन होतं. शेजारणीचे कपडे दोरीवर वाळत होते. मी सुतारखान्याच्या दारापासून चार पावलांवर असताना आतून आवाज आला.

नव्या विणलेल्या बैठकीवर भार पडतो तेव्हा दोरी कुरकुरते. कोरड्या बर्फावर सावकाश पाय द्यावा तसा तो आवाज असतो. मी तो हजारदा ऐकला असेल. कुणीतरी बसलं होतं. घाई न करता, पूर्ण टेकून.

कोणी उनाड माणूस शिरला असेल, नाहीतर मांजर असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण मांजराच्या भाराने दोरी इतका वेळ कुरकुरत नाही.

दाराकडे न जाता मी खिडकीकडे गेलो. काचेवर भुश्शाचा थर होता. बोटाने तो पुसला. खुर्ची पाठमोरी होती. त्या अरुंद पाठीच्या वर काही दिसत नव्हतं, दोन्ही बाजूंनाही नाही. पण बैठक खाली ओथंबली होती. आत्याची ताठ वीण मधोमध इतकी खाली आलेली, की मला वाटलं आता तुटेल.

आणि उजव्या हाताच्या टोकावर काहीतरी विसावलेलं होतं. सरस वाळेपर्यंत सांधा आवळून धरायचा शिकंजाच मी तिथे विसरलो, असं मला आधी वाटलं. तसाच कोन, तसाच जुन्या लाकडाचा करडा रंग. तो लाकडाला टोकाच्या खालपर्यंत वळसा घालून होता. आस्गर म्हणाला होता ती उरलेली वीतभर जागा पुरेपूर भरली होती.

मग तो शिकंजा सैल झाला. एकेक पेर करत उघडला. मी बोटांची पेरं मोजत गेलो, आणि जिथे मोजणं संपायला हवं होतं तिथे ते संपलं नाही.

मी खिडकीपासून बाजूला झालो. पुन्हा बघितलं नाही. अंगणातल्या पंपाखाली डोकं धरून उभा राहिलो, तेवढ्यात आस्गर कॉफीचा कप घेऊन आला.

‘काय रे, बरं नाही का? पांढराफटक पडलायस.’

सांगायची हीच वेळ होती. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. ती रेघ माझी नव्हती, एकही रेघ माझी नव्हती, आणि बाबा तेव्हा जे म्हणाले तेसुद्धा माझं नव्हतं.

‘ऊन लागलं,’ मी म्हणालो.

६

बुधवारी सकाळी दहाला ओडेन्स शहरातल्या एका पेपरचा फोटोग्राफर आला. उंच, घाईत असलेला, बोलघेवडा माणूस. त्याने खुर्ची मोठ्या दारासमोर उजेडात आणायला लावली. मी ती उचलली तेव्हा ती हलकी लागली. हलकी लागली म्हणून मला धीर आला.

‘हं, तर कर्ता कोण? त्याने बसायचं.’

आस्गर मागे सरकला आणि मला दंडाला धरून पुढे ओढलं. ‘हा. ही माझ्या भावाची खुर्ची आहे. मी फक्त कागद पुरवला. बस, एय्लर.’

बाबा दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. आत्या एप्रनला हात पुसत आली. विबेके सायकलवरून शाळेत निघाली होती, तीही फाटकाशी थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी हेच मागत आलो होतो. खुर्ची माझ्यासमोर होती, बैठक ताठ, रिकामी, उन्हात चकाकत असलेली.

‘नको,’ मी म्हणालो. ‘तू बस.’

‘वेडा आहेस का? सगळं तुझं आहे.’

‘आस्गर, ऐक माझं. तूच बस. मला असलं जमत नाही.’

‘बघा हो, कसा आहे हा!’ आस्गर फोटोग्राफरला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बाबांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी खांद्यावर राहू दिला.

आस्गर बसला. दोरी कुरकुरली. तो मागे घसरत गेला, पाठ टेकली, हात त्या लांब हातांवर ठेवले. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला. ‘हलू नका.’ आस्गर हलला नाही. आणि तो जराही हललेला नसताना दोरी दुसऱ्यांदा कुरकुरली. सावकाश, पूर्ण टेकून.

आस्गरने डोळे मिटले. कुणीतरी कानाशी काही सांगावं तशी त्याची मान किंचित कलली.

‘झालं!’ फोटोग्राफर म्हणाला.

आस्गर उठला आणि अंगणातून फाटकाकडे, विबेकेकडे चालत गेला. माझी नजर बैठकीवर होती. माणूस उठला की ताजी वीण लगेच वर येते. ती आली नाही. आस्गर अंगणाच्या मध्यावर पोचला तरी ती खालीच होती. त्याने फाटकाला हात लावला तेव्हा कुठे ती हलकेच वर आली. कोणीतरी जपून उठावं तशी.

७

प्रदर्शनात खुर्ची गाजली. पेपरांत दोन नावं आली, माझं आधी. आता तिला संग्रहालयात काचेमागे ठेवलंय, तिच्यात कुणाला बसू देत नाहीत. फिकी रेघ मला पुन्हा कधी दिसली नाही. त्या हिवाळ्यात मी स्वतः एक चित्र काढून भिंतीला टाचलं. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘बसायला ठीक होईल.’

आस्गर सुतारखान्यात यायचा बंद झाला. घरीच काम करतो, असं विबेके सांगायची. मार्चमध्ये ती बाजारात भेटली. कोबी निवडता निवडता, खाली मान घालून बोलली.

‘तो नीट बसत नाही, एय्लर.’

‘म्हणजे?’

‘खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसतो. जेवताना, चर्चमध्ये, बसमध्येसुद्धा. पाठ टेकत नाही. मी म्हटलं, मागे सरकून बस की, पडशील. तर हसतो. म्हणतो, जागा नको का?’

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. आस्गर स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. खुर्चीच्या कडेवर, गुडघे पुढे आलेले, पाठ ताठ. मागे वीतभराहून जास्त जागा मोकळी होती. तो खूप वाळला होता. पण चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी कुठल्याच कारागिराच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. टेबलावर, खाली जमिनीवर, चुलीच्या कठड्यावर कागद पसरले होते. खुर्च्या, बाकं, एक पाळणा. त्यांतली एकही वस्तू आपल्यासारख्या माणसांसाठी नव्हती, आणि एकेक अशी देखणी की मला छातीत दुखल्यासारखं झालं.

भावाची कीव यावी, त्याला हाताला धरून उठवावं, असं मला वाटायला हवं होतं. मी त्या कागदांकडे बघत होतो. वीस दिवस त्या रेघेमागे कोण गेलं? लाकूड कुणी कापलं, टोक कुणी घासलं? माप माझ्या हातांनी उतरवलं होतं. आणि खुर्चीतून उठताना त्या बसणाऱ्याने निवडलं कुणाला, तर यालाच. इथेही यालाच.

मी काही बोललो नव्हतो. आस्गरने वर बघितलं. पूर्वीसारखंच, प्रेमाने. मग त्याची मान किंचित मागे कलली. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

‘तुला बसायचं होतं ना रे?’

माझ्या तोंडून हो निघून गेलं.

‘मला कळलं होतं. मी विचारून पाहिलं, तुझ्यासाठी,’ तो हळूच म्हणाला. माझं मन दुखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. ‘नको म्हणाले.’

विबेकेने कॉफी आणली. मी ती पूर्ण प्यायलो, आभार मानले आणि सायकल घेतली. गावाबाहेरच्या चढावर उतरून, कुंपणाला सायकल टेकवून, लहान पोरासारखा रडलो. घरी पोचेपर्यंत डोळे लाल होते. बाबांना दिसायचं कमी, तरी त्यांच्या ते लक्षात आलं.

‘काय झालं?’

‘काही नाही. आस्गरची काळजी वाटते,’ मी म्हणालो.

बाबांनी आपल्या कापऱ्या हातात माझा हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

‘तुझ्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं,’ ते म्हणाले.